बेघर रुग्णाचा केसपेपर कोणी सांभाळायचा?

क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने सलग घ्यावे लागते. मध्येच बंद पडले तर रोग उलटू शकतो, आणि मग तो नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. घरदार असलेला रुग्ण केसपेपर फळीवर ठेवतो. ज्याला फळीच नाही त्याने काय करावे? आज या निवाऱ्यात, उद्या त्या. चौकशी दर वेळी पहिल्यापासून.

अमेरिकेत यासाठी संगणकावर सामाईक नोंदवही असते. २००१ साली तेथील संसदेने बेघरांच्या नोंदी ठेवण्यास सांगितले. २००४ साली केंद्रीय गृहनिर्माण खात्याने त्याचे नियम प्रसिद्ध केले. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हे त्या त्या शहराने वा विभागाने ठरवायचे. माहितीचे रकाने मात्र सर्वत्र सारखे. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये आणि त्याला कोणती मदत मिळाली हे कळावे, हा हेतू. ही वही म्हणजे केसपेपर नव्हे. पण रुग्ण कोठे आहे हे कळले तरच औषध त्याच्यापर्यंत पोचणार.

वाचकहो, याला दुसरी बाजूही आहे. मारहाणीमुळे घर सोडलेल्या स्त्रियांच्या आश्रयगृहांना या वहीत नावे भरण्यास तेथे कायद्याने मनाई आहे. ठावठिकाणा फुटला तर जिवावर बेतते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: रात्रपाळीच्या कार्यकर्त्याला ते सहज भरता येते का, कोणाला काय दिसते, आणि त्या माणसाची संमती घेतली जाते का. माहिती देण्यास तो तयार नसला, तरी त्याचे औषध थांबता कामा नये.