आकडा टनेजचा की उताऱ्याचा?



हल्ली चावडीवर एक बोलणे नेहमी कानी येते, "अहो, दहा लाख लोकांनी बघितलाय व्हिडिओ, खोटा कसा असंल?" याचा आम्ही थोडा विचार केला.

यूट्यूब २००५ साली सुरू झाले. डिसेंबर २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या 'गंगनम स्टाईल' या गाण्याने तेथे शंभर कोटींचा टप्पा प्रथमच ओलांडला. गाण्याला हा आकडा शोभतो. शेतीचे तसे नाही. फसवा मथळा पाहून माणूस बोट लावतो, थोडे बघून परत फिरतो. हे कंपनीलाही कळले. म्हणून २०१२ पासून किती जणांनी उघडले यापेक्षा किती वेळ पाहिले, याला तिने अधिक महत्त्व दिले. तरी पाहणाऱ्याचे पीक साधले की बुडाले, हे त्यात कळत नाही. शिवाय नोव्हेंबर २०२१ पासून नापसंतीचा आकडा प्रेक्षकांना दिसेनासा झाला. कौतुक तेवढे दिसते, तक्रार झाकली जाते.

काट्यावर टनेज भरते, पण साखर किती ते उतारा सांगतो. पाहणाऱ्यांची संख्या हे नुसते टनेज. उतारा आपल्याच रानात निघायचा.

व्हिडिओ जरूर बघा. पण नवे औषध, नवा डोस आधी दोन गुंठ्यांत करून पाहा, माती तपासून घ्या, गट ऑफिसात शेतकी अधिकाऱ्यांना विचारा. एकरभर ऊस वाळला, तर त्या दहा लाखांतला एकही माणूस बांधावर येणार नाही.