एक डोळा झाकून बघा

शाळेत डोळे तपासायला पथक आलं की त्या दिवशी पहिल्या तासात कोणाचंच लक्ष लागत नाही. व्हरांड्याच्या भिंतीवर तक्ता लागतो, टेपनं सहा मीटर मोजून फरशीवर खडूची रेघ ओढली जाते आणि रेघेमागे रांग उभी राहते. रांगेतल्या पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत नंबर येईतो खालच्या ओळीतली अक्षरं त्याला ऐकूनच पाठ झालेली असतात. तळहातानं एक डोळा झाक म्हटलं, तर बोटांच्या फटीतून बघणं चालूच. म्हणून मुरलेला नेत्रचिकित्सा अधिकारी मधूनच तक्ता बदलतो, ओळ उजवीकडून डावीकडे वाचायला लावतो आणि डोळा झाकायला हातात पुठ्ठा देतो. मुलं लबाडी करतात असं नाही. परीक्षा आहे म्हणजे पास व्हायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात असतं.

पुणे जिल्ह्यातल्या ज्या बारामती आणि इंदापूरच्या शाळांत हे चित्र दिसतं, ते तसे आडवळणाचे तालुके नव्हेत. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं ऊस आला, उसामागे कारखाने आले, कारखान्यांमागे शाळा-कॉलेजं आली. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०१९ साली सुरू झालं, म्हणजे नेत्रविभागही आला. सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय त्याच्या कितीतरी आधीपासून तालुक्याला पाठ आहे. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. मोठी शस्त्रक्रिया लागली तर पुणं बारामतीहून शंभर किलोमीटरवर, आणि तिथं महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर वेगळे आहेत. तेव्हा इथल्या बहुतेक पोरांच्या बाबतीत डॉक्टर लांब आहे ही सबब चालत नाही. चुकते ती वेळ.

डोळा जन्मतः तयार असतो, पाहणं मात्र शिकावं लागतं. दोन्ही डोळ्यांकडून येणारी स्वच्छ चित्रं जुळवायला मेंदूला पहिली सात-आठ वर्षं लागतात. या काळात एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, डोळा तिरळा असेल किंवा बाहुलीत मोतीबिंदू असेल, तर त्या डोळ्याकडून धूसर चित्र येत राहतं आणि मेंदू त्याची दखल घेणंच सोडून देतो. ज्या पाटाला पाणी सोडलं जात नाही तो गाळानं बुजतो, तसं काहीसं होतं. वैद्यकात याला अँब्लिओपिया म्हणतात, डॉक्टर आईवडिलांना ‘आळशी डोळा’ म्हणून सांगतात. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एकेक डोळा काही आठवडे बंद ठेवून हे दाखवून दिलं होतं. नंतर डोळा उघडला तरी मेंदूतल्या पेशी त्याला प्रतिसाद देईनात. या संशोधनाला १९८१ चं नोबेल मिळालं.

आळशी डोळ्याची मोठी पंचाईत ही की मूल तक्रार करत नाही. दुसरा डोळा धडधाकट असतो. त्या एका डोळ्यावर ते धावतं, सायकल शिकतं, फळ्यावरचं उतरवून घेतं. आणि जन्मापासून जग असंच दिसत असेल, तर दुसऱ्यांना वेगळं दिसतं हे त्याला कळणार कुठून? कित्येकांना ही गोष्ट भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कळते. पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी दोन-दोन वर्षं पहाटे पळालेला मुलगा तक्त्यापुढे उभा राहतो आणि त्याचा डावा डोळा वरच्या दोन ओळींच्या खाली उतरत नाही. तेव्हा कोणताही चष्मा किंवा लेझर त्याची नजर ६/६ वर आणू शकत नाही, कारण बिघाड भिंगात उरलेलाच नसतो.

तेच मूल चौथ्या वर्षी सापडलं असतं तर उपचार ऐकायला अगदी साधा आहे: योग्य नंबरचा चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला कामाला लागावंच लागतं. मध्यम प्रमाणातल्या आळशी डोळ्याला रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच लागू पडते, असं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलं आहे. पण दोन तास म्हटलं तरी काम सोपं नाही. चार वर्षांच्या पोराचा चांगला डोळा झाकला की ते चिडतं, पट्टी ओढून काढतं, आजीकडे पळतं आणि आजी विरघळते. पट्टी लावून शेंगा सोलायला, मणी ओवायला किंवा चित्र रंगवायला बसवलेलं मूल त्यातल्या त्यात टिकतं. सात वर्षांनंतर उपचार फुकट जातात असं नाही, पण तेव्हा कष्ट जास्त आणि फळ थोडं.

तिरळेपणाबद्दल घरोघर दोन समजुती असतात. मोठेपणी आपोआप सरळ होईल ही एक, आणि तिरळं मूल नशीबवान ही दुसरी. पहिले तीन-चार महिने तान्ह्याचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जातात, ते चालतं. त्यानंतरही डोळा वळत असेल तर नशिबाचं काय ते पुढं बघता येईल, आधी डॉक्टरला दाखवावं. बाहुलीत काळ्याऐवजी पांढरं दिसत असेल, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एकाच डोळ्यात पांढरी चकाकी येत असेल, तर आठवडाही थांबू नये. तो मोतीबिंदू असू शकतो, आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोगही, जो लवकर सापडला तर जीव आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. जन्मजात मोतीबिंदू दाट असेल तर शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत व्हावी लागते. ‘बाळ जरा मोठं होऊ दे, मग बघू’ हे मायेचं बोलणं इथं घात करतं.

सगळ्यात घाई असते ती दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांची. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर त्याच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासलेला असावा, आणि फारच लवकर जन्मलेल्यांचा दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या अर्धवट रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या तर वेळेवर केलेलं लेझर किंवा इंजेक्शन नजर वाचवतं. बाहेरून त्या डोळ्यात काहीच दिसत नाही. पेटीतून सुटलेलं बाळ घरी येतं, वजन धरतं, बारशाची तयारी सुरू होते, आणि डिस्चार्जच्या कागदावरची डोळे तपासणीची तारीख फायलीत राहून जाते.

वेळ गेल्यावर काय उरतं याचा एक मोठा हिशेब महाराष्ट्रातच मांडला गेला आहे. पुण्याचे नेत्रतज्ज्ञ डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी २००२ ते २००५ या काळात राज्यातल्या ३५ अंधशाळांमधली मुलं तपासली. निकषांत बसणाऱ्या १७७८ मुलांपैकी सुमारे ४१ टक्क्यांचे डोळे जन्मतःच नीट घडलेले नव्हते. त्यांच्यासाठी फारसं करण्यासारखं नव्हतं. पण सुमारे २२ टक्क्यांच्या बाबतीत दोष बुबुळाच्या पारदर्शक पडद्याचा होता, बहुतांशी त्यावर पडलेल्या व्रणाचा. असे व्रण गोवरानं, ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावानं, जखमेनं किंवा डोळ्यात घातलेल्या भलत्याच औषधांनी पडतात, म्हणजे टाळता येण्यासारख्या कारणांनी. म्हणूनच नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस आणि त्यासोबतचा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस हे डोळ्यांचेच उपचार आहेत. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी हा डोस असतो, एकूण नऊ. रुबेला गरोदरपणात आईला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं, हे २०१८ च्या लसीकरण मोहिमेत शाळेच्या दाराशी हुज्जत घालणाऱ्या किती पालकांना माहीत होतं कोण जाणे.

लहान वयात तपासणी व्हावी यासाठी सरकारी योजना आहे, आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून सुरू झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावं अशी रचना आहे. कागदावर ती उत्तम आहे. पण पथकाला मुलाच्या सगळ्याच तक्रारी बघायच्या असतात, आणि एका दिवसात बरीच मुलं. तीन वर्षांच्या मुलाला तक्ता वाचता येत नाही. त्याची नजर चित्रांनी किंवा ‘ई’ अक्षराची दिशा बोटानं दाखवायला लावून तपासावी लागते, त्याला वेळ आणि चिकाटी दोन्ही हवं. अंगणवाडीताईंनी आदल्या दिवशी ‘ई’चा खेळ मुलांकडून खेळून घेतला असेल, तर पथकाचं अर्धं काम झालेलं असतं.

या दोन तालुक्यांत आणखी एक गट हमखास निसटतो. दिवाळीच्या सुमाराला माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या पडतात. बीडकडून आणि इतर जिल्ह्यांतून आलेल्या या कोयत्यांबरोबर लहान पोरं असतात. गावाकडच्या अंगणवाडीत पथक येतं तेव्हा ती इथं, आणि इथल्या अंगणवाडीच्या पटावर त्यांचं नाव नाही. शिवाय फडातली धारदार पाती थेट त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. उसाच्या पात्यानं बुबुळ खरचटलं की बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून आणलेले स्टिरॉइडचे थेंब त्यात घातले तर तो आणखी भडकतो. हंगामात कारखाने टोळ्यांसाठी आरोग्य शिबिरं घेतात, त्यात मुलांसाठी एक तक्ता टांगायला खर्च असा काहीच नाही.

घरातली जखमही लक्षात ठेवण्यासारखी आहे, खास करून चुन्याची. आजोबांची तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी किंवा ट्यूब मूल हातात दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. चुना बुबुळ जाळतो, आणि आत अडकलेला कण जाळतच राहतो. अशा वेळी दवाखान्याकडे पळण्याआधी नळाखाली किंवा तांब्यानं धार धरून निदान वीस मिनिटं डोळा धुवायचा, पापणी उलटून कण काढायचे आणि मगच गाडी काढायची. दूध, तूप, मध, एरंडेल यांपैकी काहीही घालायचं नाही.

आणि समजा सगळं वेळेवर झालं, नंबर निघाला, चष्मा मिळाला. पुढं काय होतं? गोगटे आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्याच ग्रामीण माध्यमिक शाळांमध्ये याचाही पाठपुरावा केला. २००९ मध्ये चष्मे दिलेल्या २३१२ विद्यार्थ्यांपैकी १०१८ जणांना पुढच्या वर्षी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांतल्या ३०० जणांच्याच डोळ्यांवर चष्मा होता. तीनांतल्या एकाच्याही नाही. ज्यांची नजर अधिक अधू होती आणि ज्यांचे वडील अधिक शिकलेले होते, ती मुलं चष्मा जास्त वापरत होती. शिबिराच्या बातमीत वाटलेल्या चष्म्यांचा आकडा छापून येतो. सहा महिन्यांनी त्यातले किती नाकांवर उरले, याची बातमी होत नाही.

न वापरण्याची कारणं कोणत्याही वर्गात उभं राहून विचारावीत. ‘ढापण्या’ म्हणतात. खेळताना तुटला. मोडेल म्हणून आईनं कपाटात जपून ठेवला. सारखा लावला तर नंबर वाढतो असं मामा म्हणाले. मुलीच्या बाबतीत पुढं लग्नाला अडचण, हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही, पण असतंच. यातलं नंबर वाढण्याचं भय निखालस खोटं आहे. मुलाची उंची वाढते तसा डोळाही लांबतो आणि लांबचं कमी दिसण्याचा नंबर त्यानं वाढतो, चष्मा घाला किंवा घालू नका. ती वाढ थोडी रोखायची तर मुलं उन्हात, मैदानात जास्त वेळ राहावीत असं आता डॉक्टर सांगतात. चीनमधल्या ग्वांगझू शहरात काही शाळांनी रोज चाळीस मिनिटं मुलांना वर्गाबाहेर काढलं, तेव्हा तीन वर्षांत नव्यानं नंबर लागणाऱ्यांचं प्रमाण तिथं सुमारे तीस टक्के राहिलं, इतर शाळांत साडेएकोणचाळीस. रविवारी सकाळीही शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा आकडा बघावा.

चष्मा टिकवायचा तर फ्रेम मुलाला आवडलेली हवी, काच न फुटणारी प्लॅस्टिकची हवी, आणि खेळताना मागून बांधायला दोरी. नंबराच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला की चष्मा हरवल्यावर दुसरा तयार करून घेता येतो. वाढत्या वयात नंबर वर्षभरात बदलतो, तेव्हा दर जूनला वह्या-दप्तराच्या खरेदीबरोबर तपासणी उरकता येते. आणि ज्या घरात एका मुलाला नंबर आहे, तिथं त्याच्या धाकट्या भावंडाला अंगणवाडीत घालायच्या वयातच सोबत न्यावं.