नावातच झरा असलेले गाव

वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी जपून वापरावे, असे आम्ही वर्गात मुलांना सांगतो. अल्जीरियातल्या एका गावाने हाच धडा सरकारला ऐकवला.

सहारा वाळवंटातले ऐन सालेह. ‘ऐन’ म्हणजे झरा. इथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. घरे आणि खजुराच्या बागा भूगर्भातल्या पुरातन पाण्यावर जगतात. २०१४च्या अखेरीस जवळच शेल वायूसाठी चाचणी विहीर खोदली गेली. यात पाणी, वाळू आणि रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडतात. यालाच फ्रॅकिंग म्हणतात.

जानेवारी २०१५मध्ये लोक चौकात ठाण मांडून बसले. स्त्रियाही मोठ्या संख्येने आल्या. सरकार म्हणे, तेलाचे भाव घसरलेत, देशाला उत्पन्न हवे, धोका नाही. लोक विचारत, हे पाणी नासले तर दुसरे कुठून आणायचे? आंदोलन काही महिने चालले, पुढे काम थांबले. पण २०१७मध्ये सरकारने शेल वायूचा विषय पुन्हा काढलाच.

वायू देशाला हवा, हे आम्हालाही पटते. पण ज्यांच्या पायाखालचे पाणी पणाला लागते, त्यांना खोदण्याआधी विचारायला हवे. नंतर नव्हे.