एका ताऱ्यात दोन

हिवाळ्यात नाशिकहून रात्री दक्षिणेकडे पाहिलं, की मृगाच्या खाली शशक हा लहानसा तारकासमूह दिसतो. त्यात ग्लीझ 229 नावाचा एक लाल बटू तारा आहे, आपल्यापासून जेमतेम 19 प्रकाशवर्षांवर. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. 1995 साली त्याचा एक अतिमंद सोबती सापडल्याचं जाहीर झालं. शोधकांमध्ये कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. हा सोबती तपकिरी बटू निघाला: पोटात हायड्रोजनचं ज्वलन टिकवता येत नाही, म्हणून थंडावत जाणारा.

पुढे त्याचं वस्तुमान मोजलं, ते भरलं सुमारे 71 गुरूंइतकं. इथेच कोडं पडलं, कारण एवढा जड बटू याहून बराच तेजस्वी असायला हवा. अखेर 2024 मध्ये चिलीतल्या चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून पाहिल्यावर कळलं, की तो एक नाहीच! सुमारे 38 आणि 34 गुरूंइतके दोन बटू 12 दिवसांत एकमेकांभोवती फेरी मारतात. हलके बटू लवकर निवतात. सिद्धांत बरोबर होता, मोजणी चुकली होती.

अशी चूक एका ताऱ्यापुरती राहत नाही. कोणत्या तेजस्वितेचे तारे किती, हा आलेख खगोलशास्त्राचा पाया आहे. त्यात जोडी एक म्हणून धरणं म्हणजे उंबरे मोजून गावची माणसं सांगणं. सारख्या तेजाचे दोन तारे मिळून एकाच ताऱ्यापेक्षा 0.75 प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) तेजस्वी दिसतात. रंगावरून खरं तेज ठरवून अंतर काढलं, तर 100 प्रकाशवर्षांवरची जोडी सुमारे 70 वर असल्यासारखी वाटते आणि जवळच्या ताऱ्यांत घुसते. सोबती फारच मंद असेल, तर मोठ्याच्या उजेडात तो हिशेबातूनच जातो. म्हणून आलेखाची मंद बाजू खाली बसते, आणि आकाशगंगेत सर्वाधिक संख्या तर मंद ताऱ्यांचीच. सूर्याशेजारचे तारे एकेक करून मोजले तर मंद तारे जास्त भरत, दूरवरच्या सर्वेक्षणांत कमी. या तफावतीचं मोठं कारण वेगवेगळ्या न दिसलेल्या जोड्या आहेत, हे क्रूपा, टाउट आणि गिलमोर या खगोलशास्त्रज्ञांनी 1990च्या दशकात दाखवलं.

ग्लीझ 229 जवळ होता, म्हणून ही जोडी वेगवेगळी दिसली. शेकडो प्रकाशवर्षांवर ती एकच ठिपका दिसली असती. म्हणून तारासूचीवरून आलेख काढणाऱ्याने जोड्यांचं प्रमाण किती धरलं, हे आकड्यांच्या आधी सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.