पदवी संख्याशास्त्राची, पहिला धडा मंडईचा

बडोद्याच्या राजमहाल रस्त्यावरून जाताना खंडेराव मार्केटचा कमानीदार दर्शनी भाग पाहून ही भाजी मंडई असेल, असे नवख्या माणसाच्या मनातही येत नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने १९०६ मध्ये ही वास्तू उभी राहिली आणि तिला १८५६ ते १८७० या काळात गादीवर असलेल्या महाराज खंडेरावांचे नाव देण्यात आले. आज या इमारतीत महानगरपालिकेचे मुख्य कार्यालय आहे आणि तिच्या आवारात भाजी, फळे व फुलांचा बाजार भरतो. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला सरकारी नोंदवह्या. संख्याशास्त्र या विषयाची पदवी घेताना विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे समजून घेण्यास याहून सोयीची जागा सापडणे कठीण.

बारावीनंतर काय, हा प्रश्न गोव्यातील घरांत दरवर्षी उन्हाळ्यात चर्चेला येतो. अलीकडे त्याच्या उत्तरांत ‘डेटा सायन्स’ हे नाव ठळकपणे ऐकू येते. त्यामागे उभे असलेले संख्याशास्त्र मात्र बहुतेक पालकांना सरासरी आणि टक्केवारी यांपलीकडे परिचित नसते. गणिताची ही धाकटी, काहीशी रुक्ष शाखा असावी, असा एक समज रूढ आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे, कारण चुकीच्या समजावर आधारलेल्या निवडीत विद्यार्थ्याची तीन-चार वर्षे जातात.

वांग्याचा भाव किती?

समजा, खंडेराव मार्केटमध्ये आज वांग्याचा भाव काय, हे एका विद्यार्थ्याला शोधायचे आहे. प्रवेशद्वाराजवळच्या पाच विक्रेत्यांना विचारून त्याने सरासरी काढली, तर उत्तर मिळेल. ते बरोबर असेलच असे नाही. दाराशी बसणाऱ्याचा भाव आतल्या कोपऱ्यातील विक्रेत्यापेक्षा चढा असू शकतो. सकाळचा ताजा माल आणि संध्याकाळी उरलेला माल यांचे दर सारखे नसतात. भरताची वांगी आणि मसाल्याची छोटी वांगी या वस्तूच निराळ्या. शिवाय विक्रेता सांगतो तो भाव आणि घासाघीस करून गिऱ्हाईक प्रत्यक्ष देते ती रक्कम, यांतही अंतर असते.

येथे संख्याशास्त्राचा पहिला महत्त्वाचा भेद समोर येतो. पाचांऐवजी पन्नास विक्रेत्यांना विचारले, तर योगायोगाने होणारी चूक कमी होते. पण ते पन्नासही दाराजवळचेच असतील, तर चुकीचा कल तसाच राहतो. उलट मोठा आकडा पाहून चुकीच्या उत्तरावरचा विश्वास तेवढा वाढतो. पहिल्या प्रकारच्या चुकीवर नमुना वाढवणे हा उपाय आहे. दुसरीवर तो उपाय चालत नाही; तेथे निवडीची पद्धतच बदलावी लागते. सर्व विक्रेत्यांची यादी करून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करणे, बाजाराचे विभाग पाडून प्रत्येकातून काही विक्रेते घेणे, दिवसाच्या ठरावीक वेळा नक्की करणे, हे सारे ‘नमुना निवड’ या विषयात येते आणि पदवीच्या अभ्यासक्रमात त्याला मानाचे स्थान असते.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनला जाऊन संख्याशास्त्रात पीएच.डी. मिळवली. पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पिकांच्या उत्पादनाचा अंदाज कसा घ्यावा, यावरून त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा गाजलेला वाद झाला. शेतातील छोटा तुकडा कापून त्यातील धान्य मोजायचे आणि त्यावरून सबंध प्रदेशाचे उत्पादन काढायचे, ही पद्धत दोघांनाही मान्य होती. प्रश्न तुकड्याच्या आकाराचा होता. तुकडा फार लहान घेतला, की त्याच्या कडेवरची रोपे आत धरायची की बाहेर, याबाबत मोजणाऱ्याचा हात नकळत सैल होतो, सीमेवरची रोपे आत येतात आणि उत्पादन वास्तवापेक्षा जास्त दिसते, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. देशात अन्नटंचाई असताना धान्य किती आहे, याचा अंदाज फुगणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. नमुना पाहणीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला.

विषय जुना, पदवी नवी

गंमत अशी, की या शास्त्राचा भारतात पाया घालणाऱ्यांपैकी अनेकांजवळ संख्याशास्त्राची पदवी नव्हती. ती देणारे कोणी नव्हतेच. महालनोबीस मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि तेथील विद्यापीठात या विषयाचे पदव्युत्तर वर्ग १९४१ मध्ये सुरू झाले. सी. आर. राव हे त्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी.

पुणे आणि बडोदे ही दोन्ही विद्यापीठे १९४९ सालची. पुण्यात संख्याशास्त्राचा विभाग उभा राहिला तो कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या हातून. केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करून आलेले हुजूरबाजार १९५३ पासून पुणे विद्यापीठाच्या गणित व संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. केंब्रिजचे प्रतिष्ठेचे ॲडम्स पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९७४ मध्ये पद्मभूषणने त्यांचा गौरव झाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विज्ञान शाखेत संख्याशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बहुचल विश्लेषणात जगभर ज्यांचे नाव घेतले जाते ते सी. जी. खत्री काही काळ याच विद्यापीठात अध्यापन करीत होते; पुढे ते अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात गेले. त्यांच्या आणि राव यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘खत्री–राव गुणाकार’ आज संकेत-प्रक्रियेपासून संगणकीय विश्लेषणापर्यंत वापरला जातो.

बडोदे संस्थानाला मोजणीचे वावडे नव्हते. ज्या १९०६ मध्ये हे मार्केट उभे राहिले, त्याच वर्षी सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू झाले. सक्ती करायची तर शाळायोग्य वयाची मुले किती, कोणत्या गावात, त्यांपैकी शाळेत किती, हे आधी ठाऊक हवे. बडोद्याच्या जनगणनेचे स्वतंत्र अहवाल निघत असत आणि १९११ चा गोविंदभाई हाथीभाई देसाई यांचा अहवाल आजही अभ्यासक उघडतात.

या संस्थानाशी गोव्याचा एक धागा जुळलेला आहे. साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी महाराष्ट्रात राहून बौद्ध विद्येचे कार्य करावे, यासाठी सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे वेतन देऊ केले आणि कोलकात्याची अधिक पगाराची नोकरी सोडून धर्मानंदांनी ते स्वीकारले. त्यांचे पुत्र दामोदर, गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले, गोमंतकीयांना इतिहासकार म्हणून अधिक परिचित. ते व्यवसायाने गणिती होते. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे १९४४ चे सूत्र आजही ‘कोसंबी फलन’ म्हणून आनुवंशशास्त्रात वापरात आहे. प्राचीन आहत नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येने तराजूत घातली. नाणे हातोहात फिरताना झिजते. त्यामुळे साठ्यातील नाण्यांचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. या दोन आकड्यांवरून कोणते नाणे अधिक काळ चलनात होते, हे ताडता येते. मंडईतला तराजू इतिहासाचे साधन झाला, तो असा. कोसंबींचे निधन २९ जून १९६६ रोजी झाले. २९ जून हा महालनोबीस यांचा जन्मदिवस आणि म्हणूनच देशाचा सांख्यिकी दिन आहे, हा निव्वळ योगायोग. पण गोव्याने त्या दिवशी दोघांचेही स्मरण करायला हरकत नसावी.

वर्गात काय शिकवतात

पदवीच्या पहिल्या वर्षी सरासरी, मध्यक, प्रचरण, सहसंबंध आणि संभाव्यतेची ओळख होते. हा भाग अकरावी-बारावीशी मिळताजुळता असल्याने सोपा वाटतो आणि अनेकांची फसगत येथेच होते. दुसऱ्या वर्षी संभाव्यता वितरणे येतात. तेथे कलनशास्त्र कच्चे असेल, तर पाय अडखळतो. तिसऱ्या वर्षापर्यंत अनुमान, परिकल्पनांची चाचणी, नमुना पाहणी, प्रयोगांची आखणी, समाश्रयण, कालश्रेणी, उत्पादनाचे गुणवत्ता नियंत्रण असे विषय होतात. सोबत ‘आर’ किंवा ‘पायथॉन’मध्ये प्रात्यक्षिके असतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथ्या वर्षी ऑनर्स करता येते. एम.एस्सी.ला हेच विषय अधिक काटेकोर गणिताने पुन्हा येतात.

बहुतेक ठिकाणी बारावीला गणित असणे आवश्यक असते. ज्याला गणिताचा कंटाळा आहे, पण संगणकाची आवड आहे, त्याने ‘आकडेमोड तर यंत्रच करते’ या भरवशावर हा विषय घेऊ नये. यंत्र सरासरी काढते. दाराजवळचे पन्नास विक्रेते निवडल्याची चूक ते दाखवून देत नाही.

‘डेटा सायन्स’ नावाच्या अभ्यासक्रमांबाबतही हीच कसोटी लावावी. नाव आकर्षक असण्यात वावगे काही नाही. मात्र माहितीपत्रकात संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि अनुमान यांना किती श्रेयांक आहेत, शिकवणारे कोण आहेत, हे पाहावे. हे तिन्ही विषय एका सत्रात उरकलेले असतील, तर विद्यार्थ्याच्या हाती काही साधनांची ओळख पडेल आणि ती साधने काही वर्षांत बदलतील.

लहान राज्याचे मोठे गणित

गोव्यासाठी या विषयाचे महत्त्व एका अनपेक्षित कारणाने वाढते. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजारांच्या घरात होती. महाराष्ट्राची ११ कोटी २३ लाखांहून अधिक. राज्य लहान म्हणून पाहणीही लहान पुरेल, असे सहज वाटते. संख्याशास्त्र तसे सांगत नाही. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ४०० जणांच्या पाहणीत एखादे प्रमाण काढले, तर त्यात साधारण ५ टक्के अंक इकडे-तिकडे होण्याची शक्यता धरावी लागते आणि ही शक्यता गोव्यात व महाराष्ट्रात जवळजवळ सारखीच असते. अचूकता ठरते ती मुख्यतः नमुन्यात किती माणसे आहेत यावर; लोकसंख्येच्या किती टक्के घेतली, यावर नाही. भाताची शिते तपासताना भांडे लहान की मोठे, याने फरक पडत नाही. भात नीट ढवळलेला हवा, एवढेच.

आता हेच ४०० जण बारा तालुक्यांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३३ येतात आणि चुकीची मर्यादा १७ टक्के अंकांपर्यंत जाते. म्हणजे एखाद्या तालुक्यात अमुक सोय ५० टक्के घरांत आहे, असे अशा पाहणीतून निघाले, तर खरा आकडा ३३ असू शकतो आणि ६७ सुद्धा. काणकोण आणि बार्देश यांची तुलना अशा आकड्यांवरून करणे धाडसाचे ठरेल. देशपातळीवरील पाहण्यांत गोव्याचा नमुना आकाराने मर्यादित असतो. त्यामुळे राज्याबाबतचे आकडे निघतात. तालुक्याचा प्रश्न विचारला, की जमीन भुसभुशीत होते. तालुकानिहाय भक्कम उत्तरे हवी असतील, तर स्वतंत्र पाहण्या आखाव्या लागतील आणि त्या आखू शकणारी, गावोगावची बोली व व्यवहार जाणणारी माणसे येथेच घडवावी लागतील. राज्याचे नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय या कामासाठीच आहे. परंतु बँका, विमा, औषधनिर्मिती आणि पर्यटन या क्षेत्रांनाही अशीच माणसे हवी असतात.

शासकीय सेवेची वाट धरणाऱ्यांसाठी १ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झालेली भारतीय सांख्यिकी सेवा आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या या परीक्षेस २१ ते ३० वयोगटातील, संख्याशास्त्र हा एक विषय घेऊन पदवीधर झालेला किंवा या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला उमेदवार बसू शकतो. राखीव प्रवर्गांना नियमानुसार वयात सवलत मिळते. लेखी परीक्षा १,००० गुणांची असते. त्यांपैकी सामान्य इंग्रजी व सामान्य अध्ययन यांना प्रत्येकी १००, तर उरलेले ८०० गुण संख्याशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिकांना. त्यानंतर २०० गुणांची मुलाखत. नागरी सेवा परीक्षेच्या तुलनेत या परीक्षेची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

बाहेरगावी शिकायचे तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि पुणे ही जवळची ठिकाणे. बडोदे त्या मानाने दूर, पण मराठी घरांना परके नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तिथे बारावीच्या गुणांपेक्षा गणिती विचारशक्तीचा कस लागतो. यांपैकी कोठेही जाण्याआधी वांग्याच्या भावाचा प्रयोग घराजवळ करून पाहता येईल. म्हापशाच्या बाजारात तो करायचा झाल्यास शुक्रवारचा दर धरायचा, वगळायचा की वेगळा नोंदवायचा, हे विद्यार्थ्याला वही उघडण्यापूर्वीच ठरवावे लागेल.