बर्फाखालचा हिशेब

पूर्व ग्रीनलंडमधल्या ट्रेल बेटावर उन्हाळ्यात बर्फ वितळला, की माळावर सुक्या गवताचे गोळे उघडे पडतात. ओंजळीत मावतील न मावतील एवढे. ही लेमिंगची हिवाळी घरटी. लेमिंग म्हणजे उंदराच्या गोतातला, आखूड शेपटीचा गुबगुबीत प्राणी. बेनोआ सिटलर आणि त्यांचे सहकारी १९८८पासून तिथल्या कारुपेल्व्ह खोऱ्यात ही घरटी मोजत आले. काही घरट्यांना आतून लेमिंगच्याच मऊ केसांचं अस्तर असतं. ते लेमिंगने लावलेलं नसतं. स्टोट नावाच्या वीतभर लांब, सडपातळ शिकाऱ्याने घरमालकाला खाऊन, त्याच्याच केसांची ऊब करून तिथे मुक्काम ठोकलेला असतो.

या मोजणीतून दिसलं ते असं: साधारण दर चार वर्षांनी लेमिंगची संख्या उसळी मारते आणि मग ते जवळजवळ दिसेनासे होतात. वाढ समजण्यासारखी आहे. मादी जेमतेम महिन्याभरात वयात येते, तीन आठवड्यांत विते आणि भर हिवाळ्यातही थांबत नाही. जमिनीच्या उबेने बर्फाचा तळाचा थर भुसभुशीत होतो; त्यात बोगदे काढून संसार चालूच. कोडं आहे ते कोसळण्याचं, आणि त्याहून जास्त त्या वेळापत्रकाचं.

सोळाव्या शतकात युरोपातल्या विद्वानांनी लेमिंग आकाशातून पडतात असं लिहून ठेवलं. डिस्नेच्या १९५८च्या ‘व्हाइट वाइल्डरनेस’ने त्यांना कड्यावरून सामूहिक उड्या मारताना दाखवलं. ते दृश्य बनावट होतं. प्राणी विकत आणून खाली लोटले होते. माहितीपटाला ऑस्कर मिळालं. मला विचाराल तर आकाशातून पडण्याची कल्पना जास्त प्रामाणिक होती.

ऑलिव्हिए जिल्ग, इल्का हान्स्की आणि सिटलर यांनी २००३ साली ‘सायन्स’मध्ये ग्रीनलंडपुरतं उत्तर मांडलं. तिथे लेमिंग खाणारे चौघे: हिमघुबड, ध्रुवीय कोल्हा, लांब शेपटीचा स्कुआ पक्षी आणि स्टोट. पहिले तिघे जिथे माल तिथे हजर. लेमिंग वाढले की त्याच उन्हाळ्यात तुटून पडतात, त्यामुळे आकडा फार वर जात नाही. स्टोटचं तसं नाही. त्याची मादी उन्हाळ्यात फळते, पण गर्भ पोटात वाढायचा थांबून राहतो आणि पिल्लं येतात ती पुढच्या वसंतात. वर्षाला एकच वीण. म्हणजे यंदाच्या सुगीवर पोसलेल्या स्टोटांची फौज उभी राहते ती पुढच्या वर्षी. सुगी ओसरली तरी ती खातच राहते, बर्फाखालच्या बोगद्यांत शिरून सुद्धा. लेमिंग संपत आले की स्टोट उपाशी मरतात, आणि मगच लेमिंगना डोकं वर काढायला फुरसत मिळते.

गीझरचा नळ आठवा. गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ आणखी सोडतो, चटका बसला की घाईने बंद करतो, की पुन्हा गार. नळ ठीकच असतो. घोळ घालतो तो उशीर. जिल्ग, हान्स्की आणि सिटलर यांनी चारही शिकाऱ्यांची प्रत्यक्ष मोजलेली भूक गणितात घातली, तर चार वर्षांचं चक्र आपसूक बाहेर आलं. अन्नाची किंवा जागेची टंचाई गृहीत धरावीच लागली नाही.

नॉर्वेत मात्र वेगळा कारभार असावा. पीटर टर्चिन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये नुसत्या आलेखाच्या आकाराकडे बोट दाखवलं. शिकार होणाऱ्या व्होल उंदरांचा आलेख माथ्याला गोलसर असतो, नॉर्वेच्या लेमिंगचा टोकदार. टोकदार माथा खाणाऱ्याच्या आलेखाला शोभतो. इथे लेमिंगच शिकारी आणि शेवाळ त्याची शिकार: एकदा फस्त झालेलं शेवाळ सावकाश उगवतं. उशीर इथेही आहेच, फक्त तो वनस्पतीच्या बाजूचा.

आता बर्फच बदलतोय. नॉर्वेतल्या फिन्से इथे १९९४नंतर कित्येक वर्षं उसळी आलीच नाही. अवेळी वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाने तळाची पोकळी बुजते आणि चाराही बर्फात अडकतो. ट्रेल बेटावरही २०००नंतर चक्र मोडलं, आणि हिमघुबडांच्या उडत्या पिल्लांची संख्या ९८ टक्क्यांनी घटली.

लेमिंगच्या चढउताराची नोंद फार दूर होते. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात लेमिंग मुबलक असले की कोल्ह्यांचं त्यांच्यावर भागतं आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं वाचतात. लेमिंग नसले की तेच कोल्हे अंड्यांकडे वळतात. त्यामुळे पश्चिम युरोपात येणारे ब्रेंट हंस आणि दक्षिण आफ्रिकेत उतरणारे कर्ल्यू सँडपायपर यांच्यात नवे पक्षी किती, हे मोजून तैमिरमध्ये लेमिंगची सुगी होती का, हे कळतं. कर्ल्यू सँडपायपर ठाण्याच्या खाडीतही येतात. हंगामाच्या सुरुवातीला गेलात तर दुर्बिणीतून नवा पक्षी ओळखू येतो: त्याच्या पाठीवरच्या पिसांना फिकट, खवलेदार किनार असते.