फरशी बसवण्याआधी मिस्त्रीशी काय बोलायचं?

सुगी आटोपली की गावात घरांची कामं निघतात. बचत गटाच्या बैठकीत कर्जाची कारणं वाचली, तर बियाणं, शेळी, मुलांची फी यांच्या जोडीला आता ‘फरशी’ही असते. कुणी टाइल म्हणतं, कुणी ‘स्टाइल’ म्हणतं. त्यात हसण्यासारखं काही नाही. दर आठ दिवसांनी सारवताना कंबर कुणाची मोडते आणि उखडलेल्या कोब्याची धूळ दिवसातून तीनदा कोण झाडतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

अडचण एवढीच, की या कामातली चूक फरशीखाली झाकली जाते. ती दिसायला लागते तेव्हा मिस्त्री पैसे घेऊन गेलेला असतो आणि गटाचे हप्ते मात्र चालू असतात. म्हणून आज मिस्त्री कसा निवडायचा आणि त्याच्याशी आधी काय ठरवायचं, ते बोलू.

आमचं मत आहे, की मिस्त्री शक्यतो जवळपासच्या गावातला घ्यावा. बाहेरून आलेल्या कारागिरांचं काम वाईट असतं असं नाही, कित्येकांचा हात फार सफाईदार असतो. पण पावसाळ्यात मोरीत पाणी साचलं तर बोलवायचं कुणाला? आपल्याच बाजाराला येणारा माणूस निदान तोंड चुकवू शकत नाही. त्याने केलेलं काम बघायला जा, पण कालचं नको. एक पावसाळा गेलेलं काम बघा. नवी फरशी सगळ्यांचीच चकाचक दिसते. त्या घरातल्या बाईला विचारा, पाणी कुठे थांबतं, कुठली फरशी हलते. जाताना एक नाणं घेऊन जा आणि फरशीवर टकटक करा. खाली माल भरलेला असेल तर आवाज भरीव येतो. पोकळ असेल तर बद्द येतो, आणि तिथे एक दिवस पाटा किंवा सिलिंडर आपटला की फरशी फुटणार.

ही पोकळी का राहते? माल वाचवायला आणि हात उरकायला काही जण फरशीच्या पाठीवर मालाचे चार-पाच गोळे ठेवतात आणि दाबून देतात. कोपरे रिकामे राहतात. म्हणून आधीच सांगायचं, ‘दादा, माल सगळीकडे पसरून घ्या.’ जुन्या कोब्यावर बसवायची असेल तर कोबा आधी छिन्नीने खडबडीत करून, झाडून, भिजवून घ्यायला हवा. गुळगुळीत कोब्याला माल धरत नाही.

आता दराचं. मजुरी चौरस फुटावर ठरते, पण भांडण बहुतेक वेळा दरावरून होत नाही, न बोललेल्या गोष्टींवरून होतं. भिंतीच्या कडेची पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, दरात धरली आहे की फुटावर वेगळी? सांधे भरणं कुणाकडे? जुनी फरशी काढून राडारोडा बाहेर कोण टाकणार? वाळू-सिमेंट कोण आणणार? मोजमाप बसवलेल्या फरशीचं धरायचं, की फुटलेल्या तुकड्यांसकट? हे वहीच्या एका पानावर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही, त्याचंही पैसे बुडायचं भय जातं. मजुरी टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचा टप्पा नाण्याने वाजवून बघितल्यावर आणि मोरीत पाणी ओतून बघितल्यावर.

दुकानात जायच्या आधी हिशोब घरी करा. दहा बाय बाराची खोली म्हणजे १२० चौरस फूट. कापण्यात आणि फुटण्यात जाईल म्हणून दहा टक्के वाढवले की १३२. आता गंमत बघा. ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी फरशी ६०० मिलीमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी. चार फरशांचा बॉक्स १६ चौरस फुटांचा वाटतो, भरतो साडेपंधरा. १३२ ला साडेपंधराने भागलं की साडेआठ येतात, म्हणजे नऊ बॉक्स, आणि स्कर्टिंगसाठी एक. सगळे बॉक्स एकदमच घ्या. बॉक्सवर बॅच आणि शेडचा नंबर छापलेला असतो, तो सगळ्यांवर एकच आहे ना ते दुकानातच बघा. नंबर बदलला की रंगात फरक पडतो, आणि तो बसवल्यावरच डोळ्यांत भरतो. न फोडलेले बॉक्स परत घेणार का, ते विचारून पक्क्या पावतीवर लिहून घ्या.

फरशी कोणती, हेही महत्त्वाचं. भिंतीची सिरॅमिक टाइल जमिनीवर लावू नका, स्वस्त मिळाली तरीही. ती ओझ्यासाठी बनवलेली नसते. टाइल उलटी करून पाठीवर थोडं पाणी टाका. सिरॅमिक पाणी पिते. ती सिमेंटमध्ये बसवायची असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी लागते, नाहीतर मालातलं पाणी तीच शोषून घेते आणि माल कच्चा राहतो. व्हिट्रिफाइड जवळजवळ पाणी पीतच नाही, म्हणून ती नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. भिंतीला लावायची तर ॲडहेसिव्हच हवं. मोरी, न्हाणी आणि ओसरीला चकचकीत नको, खरखरीत घ्या. घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर लेक असेल तर यात तडजोडच नको.

मोरीच्या उताराकडे तर स्वतः उभं राहून बघा. साधारण पाच फुटांत एक इंच उतार जाळीकडे हवा. सांधे भरायच्या आधी बादलीभर पाणी ओता. ते आपोआप जाळीकडे गेलं पाहिजे. मिस्त्री ‘मालकांना बोलवा’ म्हणाला तर ‘पाणी मी वापरणार, मला दाखवा’ असं सांगा. बाईला बांधकामातलं काय कळतं, असं कुणी म्हणालं तर लातूर-धाराशिवकडची आठवण द्या. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घरांच्या दुरुस्तीच्या कामात महिला मंडळं उतरली होती, गावोगावच्या बायकांनी ते काम समजून घेतलं होतं.

फरशी बसली की निदान एक दिवस तिच्यावर पाय नको, कपाट-पलंगाची घाईही नको. सांधे दुसऱ्या दिवशी भरायचे. सांध्यांसाठी पांढऱ्या सिमेंटपेक्षा ग्राउट बरं, ते लवकर झडत नाही. रोजच्या पुसण्याला साधं पाणी किंवा थोडं साबणाचं पाणी पुरतं. सांधे काळे पडले तर सोडा आणि जुना दात घासायचा ब्रश.

आणि हे नीट ऐका. बाटलीत मिळणारं ॲसिड फरशीवर ओतू नका. त्याने डाग जातो, पण सांध्यातलं सिमेंटही खाल्लं जातं, मग तिथून पाणी आत मुरतं. त्याहून वाईट म्हणजे मोरीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली, तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. चुकून तसं झालंच तर पाणी ओतत बसू नका, आधी मोकळ्या हवेत बाहेर या आणि त्रास होत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

उरलेल्या तीन-चार फरशा देऊन टाकू नका. बॉक्सवरच्या नंबराच्या कागदासकट माळ्यावर ठेवा. चार वर्षांनी एखादी फुटली, तर तोच रंग दुकानात मिळेलच असं नाही.